कंपनी म्हणजे कोण?



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘इतिहासावर काही बोला’ असे आम्हांस सांगितले, तेव्हा आमची थोडी पंचाईत झाली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि नगरवाचनालयात पुष्कळ, अशा प्रकारचे आहे. युनियनच्या कामात तीस वर्षे गेली. या काळात कागद पुष्कळ वाचले. पण त्यांतले बहुतेक नोटिसा, करार आणि निकाल. तेव्हा राजांच्या इतिहासाऐवजी एका शब्दाचा इतिहास सांगावा असे आम्ही ठरविले. तो शब्द आपण सर्वजण रोज उच्चारतो. पहाटे पाचच्या पाळीला निघालेला माणूस घरातून बाहेर पडताना तोच म्हणतो, “कंपनीत जातो.”

या शब्दाकडे आमचे लक्ष कसे गेले ते आधी सांगतो. एका कारखान्यात इटलीहून एक यंत्र आले. त्याबरोबर जाडजूड माहितीपुस्तक आले. डाव्या बाजूला इटालियन आणि उजव्या बाजूला इंग्रजी. आमच्या एका फिटर मित्राने ते जेवणाच्या सुट्टीत आम्हांस दाखविले. इटालियन लिपीही रोमनच असल्यामुळे अक्षरे वाचता येत होती. वाचता वाचता असे दिसले, की उजवीकडे इंग्रजीत ‘कंपनी’ हा एकच शब्द वारंवार येतो, पण डावीकडे त्याच्यासमोर दर वेळी निराळा शब्द असतो. एके ठिकाणी ‘सोचिएता’, दुसरीकडे ‘आझ्येंदा’, तिसरीकडे ‘दित्ता’. आम्हांस वाटले, छापणाऱ्याने घोटाळा केला असावा. पुढे वाचनालयातला कोश काढून पाहिला तेव्हा कळले, की घोटाळा छापणाऱ्याचा नव्हता. इंग्रजांनी एका शब्दाच्या पोतडीत जे सगळे कोंबून ठेवले आहे, ते इटालियन माणूस वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

ते कप्पे असे आहेत. चार माणसांनी भांडवल घालून कायद्याने स्थापन केलेली जी संस्था, ती ‘सोचिएता’. जिथे यंत्रे आहेत, कच्चा माल आहे, काम चालते, ती ‘आझ्येंदा’. हा शब्द मुळात ‘करावयाची कामे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून स्पॅनिशच्या वाटेने आला. धंदा ज्या नावाने चालतो ते पाटीवरचे नाव, म्हणजे ‘दित्ता’. आणि नाटकमंडळी, सैन्यातील तुकडी, किंवा नुसती सोबत, म्हणजे ‘कोंपान्यिया’. विमा कंपनीला आणि विमान कंपनीलाही हाच शेवटचा शब्द चालतो. इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेत तर आझ्येंदा कशास म्हणावे आणि दित्ता कशास, हे कलमांनी सांगितलेले आहे. म्हणजे ‘कंपनी’चे इटालियन भाषांतर करावयाचे असेल, तर भाषांतरकाराला आधी एक प्रश्न विचारावा लागतो: कंपनी म्हणजे कोण? भांडवलवाले, कामाची जागा, पाटी, की माणसे?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारला का? आणि विचारला नसेल तर त्याची किंमत कोणी मोजली? आजचे आमचे बोलणे एवढ्यापुरतेच आहे.

शब्दाच्या मुळाशी गेले तर तेथे भाकरी सापडते. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. जे एकत्र पाव मोडून खातात ते सोबती. आपला ‘पाव’ हा शब्दही त्याच पानिसच्या घराण्यातला आहे. तो पोर्तुगीजांबरोबर आला. मध्ययुगात फ्लॉरेन्स शहरातील बार्दी आणि पेरुत्सी या घराण्यांच्या पेढ्यांना ‘कोंपान्यिया’ म्हणत, कारण आरंभी एका घरात, एका पंगतीला जेवणाऱ्या भाऊबंदांचा तो व्यापार होता. याच मुळाचा ‘कोंपान्यो’ हा शब्द इटलीतले डावे कामगार एकमेकांना हाक मारताना वापरतात. आपण ज्या ठिकाणी ‘कॉम्रेड’ म्हणतो त्या ठिकाणी. ‘कॉम्रेड’ या शब्दाचे मूळ स्पॅनिशमध्ये आहे आणि त्याचा पहिला अर्थ एका खोलीत राहणारा, असा आहे. तेव्हा एक शब्द भाकरीचा, दुसरा खोलीचा. दोन्ही शब्द गरिबांच्या घरात जन्मले आणि त्यांतला एक पुढे मालकाच्या दारावरची पाटी झाला.

आपल्याकडे हा शब्द भाकरी घेऊन आला नाही; तो तोफ घेऊन आला. लंडनच्या व्यापाऱ्यांना एलिझाबेथ राणीने ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्मास आली. पुढे दीडदोनशे वर्षांनी पेशवाईच्या मोडी कागदांत ती ‘कुंपणी’ म्हणून अवतरते. कुंपणी इंग्रज बहादूर! मराठी कारकुनाने त्या परक्या शब्दाला आपल्या तोंडाला येईल तसे रूप दिले. कुंपणाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण कुंपणानेच शेत खाल्ले ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेने हे रूप निवडावे, याचे आम्हांस हसूही येते आणि वाईटही वाटते.

‘बहादूर’ ही पदवी माणसाला देतात. ती कंपनीला लागली. म्हणजे आपल्या लोकांनी कंपनी हा कोणी एक धनी आहे असे धरले. इंग्रजही थट्टेने तिला ‘जॉन कंपनी’ म्हणत, पण त्यांना ती थट्टा आहे हे ठाऊक होते. आपणांस ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत साताऱ्याने मोजली.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास पुन्हा गादीवर बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. तहाच्या एका बाजूस राजा, दुसऱ्या बाजूस कंपनी. राजाने दिलेला शब्द राजाच्या पिंडात राहतो. पण कंपनीचा शब्द कोणाच्या पिंडात राहणार? १८३९ साली महाराजांवर कटाचा आळ घेऊन त्यांना पदच्युत केले आणि काशीस पाठविले. तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यासाठी विलायतेस गेले. तेथे त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली. या चिकाटीबद्दल त्यांचे नाव आपण घेतो. आम्हांस मात्र त्यांच्या या मुक्कामात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या मुलखातला एक माणूस कंपनी म्हणजे कोण हे शोधीत थेट लंडनपर्यंत गेला, असा हा प्रवास आहे.

तेथे काय दिसणार? लेडनहॉल स्ट्रीटवर एक मोठी इमारत होती. तिच्यात चोवीस संचालकांचे मंडळ बसे. त्यांच्यावर सरकारने नेमलेले नियंत्रण मंडळ होते. आणि या सर्वांखाली, किंवा म्हणा सर्वांवर, भागधारकांची सभा होती. ज्याच्यापाशी एक हजार पौंडांचे भाग त्याला एक मत. दहा हजारांचे असले तर चार मते. साताऱ्याच्या गादीचा प्रश्न या सभेत निघे. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज टॉम्सन यांच्यासारखे काही सज्जन महाराजांच्या बाजूने बोललेही. पण मते भागांची होती, न्यायाची नव्हती. शिवाय १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला होता आणि भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून मिळावा असे ठरले होते. वाई-कऱ्हाडच्या रयतेने साऱ्याचे रुपये भरावेत आणि लंडनमधल्या कोणा अनोळखी गृहस्थाने घरबसल्या व्याज मोजावे, असा तो मामला.

१८४७ साली प्रतापसिंह महाराज काशीस वारले. १८४८ साली त्यांचे बंधू शहाजी महाराज दत्तक घेऊन निवर्तले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मान्य करावा असे मत दिले. डलहौसीने ते बाजूस सारून राज्य खालसा केले. पुढे १८५७ साली साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीतारामही होते. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पुढच्याच वर्षी कंपनीचे राज्य गेले आणि १८७४ साली कंपनीच विसर्जित झाली. राज्य घेणारी मेली, पण तिला फाशी द्यावयाची झाली असती तर दोर कोणाच्या गळ्यात घातला असता? या प्रश्नाला उत्तर नव्हते. कंपनी या शब्दाचा हा पहिला अर्थ आपल्या जिल्ह्याने शिकला: हुकूम करणारी, पण सापडत नाही ती.

आता कृष्णेच्या काठाने खाली सांगलीस येऊ. तेथे त्याच सुमारास हा शब्द अगदी निराळ्या रीतीने वाढत होता.

चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ केले, हे सांगलीच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय संपला. तेव्हा भाव्यांनी माणसे बरोबर घेतली आणि गावोगाव तिकिटे लावून खेळ सुरू केले. १८५३ साली ते मुंबईत पोचले. दरबारी हौस होती तिचा धंदा झाला. या संघाला नाव काय द्यावयाचे? त्या काळच्या लोकांनी ‘मंडळी’ हा शब्द काढला. सांगलीकर नाटक मंडळी, किर्लोस्कर नाटक मंडळी, पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी. हस्तपत्रकावर मंडळी छापलेले असे आणि लोकांच्या तोंडी मात्र ‘नाटक कंपनी’ असे.

‘मंडळी’ हा आमच्या मते कंपनीचा मराठीत झालेला सर्वांत उत्तम तर्जुमा. या शब्दात माणसे आहेत. ‘मंडळी जमली’ म्हणजे माणसे जमली. जुन्या पिढीतला गृहस्थ ‘आमची मंडळी’ म्हणाला तर तो बायकोबद्दल बोलतो आहे असे समजावे. ख्रिस्ती बांधवांनी बायबलाच्या भाषांतरात उपासकांच्या संघाला मंडळी हाच शब्द घेतला. आणि पुस्तकांच्या दुकानांवर ‘अमुक आणि मंडळी’ अशा पाट्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. घर, देऊळ, दुकान आणि रंगभूमी या चारही ठिकाणी चालणारा दुसरा शब्द शोधूनही सापडावयाचा नाही. नाटक मंडळीत माणसे एका बिऱ्हाडात राहात आणि एका पंगतीला जेवत. पंगतीच्या जागी मानपान, रुसवेफुगवे असतील. ते नव्हते असे आम्ही म्हणत नाही. तरी लॅटिन मुळातला जो पाव तो या नाटक कंपनीत पोळीच्या रूपाने शिल्लक होता, एवढे खरे.

मराठीला आणखीही शब्द होते. तमाशाचा असतो तो फड. कुस्तीचाही फड, उसाचाही फड. पेशव्यांच्या कारकुनांची कचेरी तोही फड. शाहिरांचे पथक होते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ साली काढले ते लाल बावटा कलापथक. ऊसतोडीला जाते ती टोळी. सैन्यात मोठी ती पलटण आणि लहान ती तुकडी. पण सैन्यात इंग्रजी ‘कंपनी’ही राहिली आणि ती आपल्या गावांत पेन्शनीत आलेल्या सुभेदारांनी घरोघर पोचविली. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखे गाव पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जवान देते, तेथे ‘आमच्या कंपनीत’ या दोन शब्दांना कारखान्याच्या आधी रणांगणाचा अर्थ होता. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. तेथे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव या शिपायाने, जो कंपनीचा निरोप्या होता, आपल्या जखमी कंपनी कमांडरला खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून पलीकडे नेले. त्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. येथे कंपनी म्हणजे कोण हे कोणी विचारले असते, तर त्या शिपायाच्या पाठीवर होते ते उत्तर पुरेसे होते.

आता तिसरा अर्थ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर वसाहत केली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचेचा कारखाना निघाला. त्या वेळी लोक ‘कारखाना’ म्हणत. फारसीतून आलेला हा शब्द. कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. कामाचे घर. इटालियनांच्या आझ्येंदाशी हा शब्द किती जवळचा आहे ते पाहा! दोन्हींत मालक नाही, भांडवल नाही, काम आहे. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या वाडवडिलांनी हाडे झिजविली, तेही कंपनीत जातो म्हणत नसत. ‘गिरणीत जातो’ म्हणत. एका गावची पंधरावीस माणसे एका गाळ्यात राहात आणि कोणा बाईच्या खानावळीत जेवत. खोली एक आणि भाकरी एक. म्हणजे कॉम्रेड आणि कंपनी या दोन्ही शब्दांचे मूळ अर्थ त्या गाळ्यात नांदत होते आणि त्या माणसांना त्यांतला एकही शब्द शिकविण्याची गरज नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात जे मोडले ते गावी परतले आणि त्यांची मुले औद्योगिक वसाहतीत लागली. या मुलांच्या तोंडी प्रथम ‘कंपनी’ हा एकच शब्द आला. गिरणी गेली, कारखाना गेला, मंडळी तर केव्हाच गेली होती.

सहकारी साखर कारखान्याला मात्र आमच्याकडे आजही कोणी कंपनी म्हणत नाही. तो कारखानाच. शेतकरी त्याचा सभासद असतो आणि चांगले चालो वा वाईट, ‘आमचा कारखाना’ म्हणून भांडतो. कंपनीशी असे भांडण करता येत नाही. भाषेला हा फरक बरोबर कळला आहे. तो भाषाशास्त्र्यांनी शिकविलेला नाही.

कायद्याने काय केले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात कंपनीला ‘मर्यादित’ जबाबदारी मिळाली. मर्यादित हा शब्द पाटीवर वाचून कामगारास वाटते की मालकाला कसली तरी मर्यादा असावी. मर्यादा आहे, पण ती देण्याची. कंपनी बुडाली तर भागधारकाचे जेवढे भागात गुंतले तेवढेच बुडते. घरदार शाबूत राहते. नंतर १८९६ साली विलायतेत सॅलोमन नावाच्या एका बूट तयार करणाऱ्याचा खटला लॉर्डांच्या सभेपुढे गेला. त्याने स्वतःचा धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला होता. कंपनी बुडाली तेव्हा सावकार म्हणाले, सॅलोमन आणि त्याची कंपनी एकच. लॉर्डांनी सांगितले, नाही. कंपनी ही निराळी व्यक्ती आहे. म्हणजे आपल्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने भोळेपणाने कंपनीला बहादूर म्हटले, तेच कायद्याने शंभर वर्षांनी गंभीरपणे म्हटले. राज्यकारभार मराठीत आला तेव्हा काही कोशकारांनी समवाय, प्रमंडल असे शब्द सुचवून पाहिले. ते रुजले नाहीत. १९५६ चा कायदा मराठीत ‘कंपनी अधिनियम’ म्हणूनच ओळखला गेला. याबद्दल आमची तक्रार नाही. शब्द परका असला म्हणून वाईट नसतो. आमच्या युनियनचे नावही परकेच आहे. आमची तक्रार वेगळी आहे आणि ती आता सांगतो.

१९९८ साल. आमच्या भागातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात, म्हणजे लोक म्हणतात तशा फौंड्रीत, एक गडी होता. नाव सांगत नाही. साचे उचलणे, वाळू चाळणे, लोखंडाचे ओझे वाहणे ही त्याची कामे. अकरा वर्षे तो एकाच दाराने आत जात होता. एके दिवशी रात्रपाळीस साखळी तुटून ओझे अंगावर आले आणि तो जागीच गेला. आम्ही व्यवस्थापनाकडे भरपाई मागण्यास गेलो. उत्तर एका ओळीचे होते: सदर इसम कंपनीचा नव्हे. तो ठेकेदाराचा होता. ठेकेदार गावी गेला होता आणि परत आला नाही.

ते पत्र आम्ही त्याच्या घरी वाचून दाखविले. त्याची बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, अकरा वरसं मी पहाटं उठून डबा करून देत हुते. कंपनीत जातो म्हणायचे. मग हे जात कुठं हुते?”

श्रोतेहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कामगारांचे कायदे तोंडपाठ असलेला माणूस म्हणून आम्ही मिरवत होतो. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात बारावे कलम होते. ठेकेदाराच्या कामगारास अपघात झाला तर मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असे ते सांगे. त्या कलमावर आम्ही दावा लावला आणि चार वर्षांनी पैसे मिळवून दिले. पण बाईंनी विचारले होते ते कलमाचे नव्हते. तिने शब्दाचा अर्थ विचारला होता. तिच्या नवऱ्याने ‘कंपनी’ हा शब्द आझ्येंदा या अर्थी वापरला. जिथे काम करतो ती जागा. पत्र लिहिणाऱ्याने तोच शब्द सोचिएता या अर्थी वापरला. जिच्या हजेरीपटावर नाव असते ती संस्था. दोघेही खरे बोलत होते. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये जी फट असते, तीत एक माणूस अकरा वर्षे राबत होता आणि तेथेच मेला.

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो, कारण तो लपवून इतिहास सांगणे बरे नव्हे. त्या कारखान्यात उपाहारगृह होते. कायम कामगारास बिल्ला दाखवून स्वस्तात जेवण मिळे. ठेक्यावरची माणसे बाहेर भिंतीलगत लिंबाखाली बसून घरची भाकरी सोडीत. आम्ही वर्षानुवर्षे त्या उपाहारगृहात बसून चहा घेतला, बैठका घेतल्या, मागणीपत्रे लिहिली. आणि त्या मागणीपत्रांवर ‘कंपनी कामगार’ असे शब्द लिहिले. त्यांत लिंबाखालचे लोक धरलेले नव्हते. ती ओळ मालकाने लिहिली नव्हती, आम्हीच लिहिली होती. अपघातानंतर ‘सर्वांना एकच उपाहारगृह’ ही मागणी आम्ही सभेपुढे ठेवली, तेव्हा विरोध झाला तो आमच्याच सभासदांकडून. “आपल्या ताटातले कमी होईल,” असे एकाने उघड सांगितले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी चार तोंडे होती. दोन सभा मोडल्या, तिसऱ्या सभेत ठराव थोडक्या मतांनी संमत झाला. १९७० च्या ठेका कामगार कायद्यात शंभर किंवा त्याहून अधिक ठेका कामगार असतील तर उपाहारगृह पाहिजे अशी तरतूद होतीच. तिच्या आधारे मागणी पुढे रेटली आणि दीड वर्षाने दार उघडले. पहिल्या दिवशी लिंबाखालची माणसे आत यावयास लाजत होती.

तेव्हा पाव मोडून खाणाऱ्यांची ती लॅटिन गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. इटालियन माहितीपुस्तक नंतर हाती आले. ठाऊक असती तर सभेत सांगितली असती. आणि तिने एखादे मत फिरले असते किंवा नसतेही.

पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निकाल दिला, की एखाद्या कामातली ठेका पद्धत कायद्याने बंद केली तरी तेवढ्याने ती माणसे आपोआप मूळ मालकाची होत नाहीत. त्या निकालाने आमचे बरेच दावे लंगडे झाले. कायदे बदलत राहिले आहेत आणि राहतील. पण तो दरवाजाचा प्रश्न, आत कोण आणि बाहेर कोण, प्रत्येक कायद्याबरोबर पुन्हा उभा राहतो.

कोणी म्हणेल, भांडवलाच्या जगात असेच चालावयाचे. कामगारांची अशी कंपनी कधी होती का? याला आमचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा तेथे एक शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. ठेवले कोणाकडे? सावकाराकडे नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. हातमागावर बसणाऱ्या लोकांची संस्था एवढी भरवशाची, की राजाच्या जावयाने तिच्यापाशी पैसा ठेवावा आणि ते दगडावर कोरावे! श्रेणी म्हणजे तरी काय? काम करणारेच सभासद, नाव त्यांचे आणि जबाबदारीही त्यांची. सोचिएता, आझ्येंदा आणि कोंपान्यिया या तिन्ही अर्थांची माणसे तेथे एकच होती. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ज्या प्रांतात हे शक्य झाले, तेथे ते कधीच शक्य नाही असे निदान इतिहास तरी सांगत नाही.

मग या शब्दाचे करावयाचे काय? तो टाकून द्या असे आम्ही सांगत नाही; सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. पहाटे पाचला निघणाऱ्या माणसाने ‘समवायात जातो’ म्हणावे, अशी आमची इच्छा नाही. आमचे एवढेच म्हणणे आहे, की हा शब्द कागदावर येईल तेव्हा इटालियन भाषांतरकाराप्रमाणे आपण थांबावे आणि विचारावे: येथे कंपनी म्हणजे कोण? करारात ‘कंपनी जबाबदार राहील’ असे असेल, तर कोणती, हे लिहून घ्यावे. ‘कंपनीचे कामगार’ असे असेल, तर त्यांत लिंबाखालचे धरले आहेत की नाहीत, हे सही करण्यापूर्वी पाहावे. रंगो बापूजींना हे विचारण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आपणांस टेबलाच्या पलीकडे विचारावयाचे आहे.

त्या बाईंच्या मुलाला पुढे त्याच वसाहतीत काम लागले. आम्ही त्याला भेटलो तेव्हा त्याने हजेरीपत्र आणून दाखविले. “कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा,” असे आईने त्याला सांगून पाठविले होते. आम्ही चष्मा लावला आणि पाहिले. शिक्का ठेकेदाराचाच होता. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव आम्ही युनियनच्या वहीत लिहिले आणि पुढच्या मागणीपत्राची पहिली ओळ बदलली. त्या ओळीत आता ‘कंपनी कामगार’ नाही. ‘या दारातून आत जाणारे सर्व कामगार’ असे आहे. ओळ लांब झाली आहे आणि मराठी म्हणून फारशी सुंदरही नाही. पण तिच्यातून कोणी बाहेर राहात नाही.